न्यू जर्सीचं हॉवेल फार्म: शेती दाखवतात, शेतकऱ्याचं दुखणं कुठे आहे?

एडिसनकर:
इकडच्या मराठी मंडळींनो, मुलांना हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्म दाखवाच. आयनेझ हॉवेल यांनी नवऱ्याच्या स्मरणार्थ ही सुमारे १३० एकर जमीन १९७४ मध्ये मर्सर काउंटीला दिली. जुनी शेती लोकांनी, विशेषतः मुलांनी, स्वतः करून बघावी ही त्यांची इच्छा. काळ धरलाय १८९० ते १९१० चा. नांगराला घोडे, बैल. तळं घट्ट गोठलं की करवतीने बर्फाच्या लाद्या कापून बर्फघरात रचतात. आमच्या लेकीने मक्याचे दाणे काढायच्या यंत्राचा दांडा फिरवला. हात भरून आले तरी सोडेना. महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्यात असं एक शेत हवं.

बांधावरून:
मी बीडचा, घरी कापूस-सोयाबीन. मला हे पटत नाही. तिथे पीक बुडालं तर कुणाचं घर गहाण पडत नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेतला शेतकरीही पडलेल्या भावांनी आणि कर्जाने पिचला होता. लोक इतके चिडले की पीपल्स पार्टी हा शेतकऱ्यांचा पक्ष उभा राहिला, त्यात १८९३ ची मंदी आली. दांडा फिरवून घरी गेलेल्या मुलाला यातलं काय कळणार? अर्धीच शेती दाखवायची आणि तिला इतिहास म्हणायचं?

चाड्यावर मूठ:
बांधावरून, अहो, कसब मेलं तर तेही परत येत नाही. माझी आजी पाभरीमागे, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारामागे, चालत त्याच्या चाड्यात, वरच्या वाटीत, मुठीने बी सोडायची. मूठ जरा सैल झाली की एका नळ्यातून दाट, दुसऱ्यातून विरळ, आणि उगवण झाली की सगळ्या गावाला पिकाच्या ओळीत दिसायचं. घरात आता कुणालाच ते जमत नाही. काचेच्या कपाटातली पाभर हे शिकवणार नाही. त्यासाठी चालतं शेतच लागतं.

बांधावरून:
मग आपल्याकडे कराल तेव्हा पाभरीशेजारी सावकाराची वहीही ठेवा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, ते का जाळले हे तिथेच सांगा. बैलजोडीसोबत फोटो काढून माणसं परत जाणार असतील, तर असल्या शेतावर सरकारी पैसा घालायला माझा विरोध आहे.

एडिसनकर:
वही ठेवा, जरूर ठेवा. सातवी-आठवीची मुलं ती वाचतील. पण पहिलीतल्या पोराला व्याजाचा हिशेब सांगून काय उपयोग? त्याला गाईची धार काढू द्या, शेणात पाय पडू द्या. तुमच्या अटीसाठी त्याला थांबवून ठेवणं मला मान्य नाही.