मदत हवी आहे: तेरा ब्लॉक, नाना मापं. सॅम्पलर क्विल्ट जुळवायची कशी?

चिंधीवाली

नमस्कार मंडळी, शिवणकामातल्या जाणत्यांचा सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत सहा-सात जणींचा शिवणाचा गट आहे. ज्या काकूंनी आम्हाला मशीनवर बसायला शिकवलं, त्यांची दिवाळीनंतर पंचाहत्तरी आहे. त्यांना सॅम्पलर क्विल्ट द्यायची ठरली, म्हणजे प्रत्येक ब्लॉक (तुकडे जोडून केलेला चौकोन) वेगळ्या नमुन्याचा. सिंगल बेडवर पांघरता यायला हवी. माप सगळ्यांना एकच दिलं होतं: शिवून झाल्यावर बारा इंच, म्हणजे चारी कडांना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरून साडेबारा. मग जिने तिने आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर केले.

आता सगळे माझ्या पलंगावर पसरलेत, नमुन्याच्या नावाने सांगते. नाइन पॅच बरोबर साडेबारा. ओहायो स्टार पावणेतेरा. लॉग केबिन सव्वाबारा. बेअर्स पॉ थेट अकरा! करणारी म्हणते, बारामध्ये हिशेब बसतच नव्हता. चर्न डॅश, पिनव्हील, फ्लाइंग गीज वगैरे सव्वाबारा ते पावणेतेराच्या मध्ये कुठेतरी. एकीने नमुने-बिमुने सोडून वरून कापड लावून तुळशीवृंदावन केलंय आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यांत देखणं झालंय. एका ब्लॉकमध्ये काकूंच्याच जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा आहे, त्याचे धागे सुटताहेत.

बेअर्स पॉ बाजूला ठेवून बाकीचे सगळे सव्वाबाराला छाटले तर चालेल का? आणि तेरा हा आकडा कसा मांडायचा? तीनाच्या ओळीत एक उरतो, चाराच्या ओळीतही एक उरतो.

दोन_सूत

छाटू नका! आधी कात्री लांब ठेवा, मग पुढचं वाचा.

ओहायो स्टारची टोकं ब्लॉकच्या कडेपासून बरोबर पाव इंच आत असतात. शेजारचं कापड जोडलं की टीप नेमकी टोकावर येते. पावणेतेराचा सव्वाबारा केलात तर प्रत्येक कडेची दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जातील, म्हणजे अख्खी माया गेली. मग जोडताना चारी बाजूंची टोकं टिपेखाली बोथट होणार. ज्या बाईने ती टोकं जुळवली तिला पहिली दिसतील.

मापं चुकण्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. प्रत्येक मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाची कड सुईपासून वेगळ्या अंतरावर असते. टीप अर्धं सूत इकडेतिकडे झाली तर दोन्ही कापडांचं मिळून एक सूत जातं. नाइन पॅचमध्ये या कडेपासून त्या कडेपर्यंत दोनच टिपा, फरक दोन सुतांवर थांबतो. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांच्या चार फेऱ्या असलेल्या लॉग केबिनमध्ये आठ टिपा लागतात, तिथे एक इंचापर्यंत घोळ होऊ शकतो. तुमची पाव इंचात आटोपली, करणारीचा हात चांगला आहे.

बेअर्स पॉवालीही बरोबरच आहे. तो नमुना सात घरांचा असतो, बाराला सातने भाग जात नाही. दीड-दीड इंचाची सात घरं केली की साडेदहा, आणि माया धरून अकरा. डोकं लावून केलाय तो.

सीवूड्सकर

तेरा आकड्याची कसली काळजी? ब्लॉक तिरके मांडा, टोकावर उभे. ३-२-३-२-३ अशा ओळी लावल्या की बरोबर तेरा बसतात, एकही उरत नाही. कडेच्या रिकाम्या जागी त्रिकोण. माझ्या पहिल्या क्विल्टला मी अशीच मांडणी केली होती. साध्या ब्लॉकांनाही तिरकं ठेवल्यावर जी शान येते, ती सरळ मांडणीत येत नाही हे माझं ठाम मत.

कडेचे त्रिकोण मात्र मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्णांवर चार तुकडे करून काढा, दोन तुकडे करून नाही. म्हणजे बाहेरची कड सरळ धाग्यावर येते. कड उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, आली तर ती ताणली जाते आणि गोधडीला लाटा येतात.

चिंधीवाली

@दोन_सूत, छाटणार नाही, शपथ! पण मग सगळे एका मापाचे करू कसे?

@सीवूड्सकर, कल्पना झक्कास आहे. पण तुळशीवृंदावन तिरकं उभं राहील त्याचं काय? पंचाहत्तरीला कलंडलेली तुळस दिली तर काकू काही बोलायच्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलेल.

सीवूड्सकर

हाहा, तुळस मी वाचलीच नव्हती. माघार.

गावठीगोधडी

तुम्ही लोक शिवताय का इंजिनिअरिंग करताय? आमच्याकडे जुन्या साड्या आणि धोतरं अंथरायची, वर चिंध्या मांडायच्या आणि धावदोरा घालत सुटायचं. कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंदी करतात, ती तर कडेपासून सुरू करून धावदोऱ्याने आत आत येत जातात आणि हाताला येईल तो तुकडा लावत राहतात. कुठली मापं आणि कुठलं काय.

दोन_सूत

कवंदीची मजा मलाही मान्य आहे, पण इथे तेरा ब्लॉक आधीच झालेत. ते उसवायला कोण सांगणार?

@चिंधीवाली, उपाय चौकटीचा. प्रत्येक ब्लॉकला चारी बाजूंनी पावणेदोन इंच रुंदीच्या पट्ट्या जोडा आणि मग सगळे साडेचौदाला कापा. बेअर्स पॉ सोडला तर सर्वांत लहान सव्वाबाराचा ब्लॉक पट्ट्या लागून पावणेपंधरा होतो, पावणेतेराचा सव्वापंधरा. म्हणजे दोन्हींत छाटायला जागा आहे आणि छाटली जाते ती पट्टी, नमुना नाही. बेअर्स पॉला तेवढ्या अडीच इंचाच्या पट्ट्या लावा, तो पंधरा होईल. छाटताना ब्लॉकचा मध्य मोजपट्टीच्या मध्याखाली आहे ना ते बघा, नाहीतर चौकट एका बाजूला जाड दिसते.

आणि हे महत्त्वाचं: चौकट आणि ब्लॉकांच्या मधल्या पट्ट्या, म्हणजे सॅशिंग, एकाच कापडाच्या ठेवा. तयार गोधडीत एका ब्लॉकची चौकट सात सूत दिसेल, दुसऱ्याची नऊ सूत. रंग एकच असला की हे मोजपट्टी लावून मोजणाऱ्यालाच कळेल. चौकटीला लाल आणि सॅशिंगला पांढरं घेतलंत तर सोसायटीच्या गेटवरूनही कळेल.

मांडणी सरळ करा, ३ × ५. चौदाचे तीन ब्लॉक आणि दोन इंचाच्या चार पट्ट्या, रुंदी ५०. पाच ब्लॉक आणि सहा पट्ट्या, लांबी ८२. भोवती पाच इंचाची बॉर्डर लावली की ६० × ९२, सिंगल बेडला ऐसपैस. बेअर्स पॉ बरोब्बर मधोमध ठेवा. त्याची चौकट रुंद आहे, मध्यभागी ती मुद्दाम केल्यासारखी वाटते.

चिंधीवाली

पण त्याला पंधरा लागतील, आणि आमच्यातल्या दोघींनी आधीच हात टेकलेत.

इस्त्रीवाली_मावशी

दोन मी सुचवते, दोन्ही सोपे. एक रेल फेन्स, नुसत्या सरळ पट्ट्या. दुसरा अगदी साधा कोरा चौकोन, त्यावर तुम्ही सगळ्याजणी दोऱ्याने आपापली नावं भरा. काकू आधी तोच वाचणार बघा.

नवे दोन शिवण्याआधी ज्या मशीनवर करणार तिची परीक्षा घ्या. दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडा. एकूण रुंदी साडेतीन आली तर पाव इंच बरोबर. सव्वातीन आली तर माया जास्त जातेय, पायाशेजारी मशीनवर चिकटपट्टी लावून खूण करा.

खणाच्या तुकड्यामागे हलकं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, शिंप्यांकडे कुठेही मिळतं. इस्त्री मंद ठेवा आणि आधी कोपऱ्यावर लावून बघा. आजकालच्या खणात बरेचदा कृत्रिम धागा असतो, तापल्या इस्त्रीने तो आक्रसतो. बाकी ब्लॉकांनाही इस्त्री घासू नका, उचलून ठेवत जा. पिनव्हीलसारख्या त्रिकोणी नमुन्यात उरेब शिवणी असतात, घासलं की ब्लॉक वाकडा झालाच.

सीवूड्सकर

मांडणीसाठी एक युक्ती. भिंतीवर जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावा, ब्लॉक तिला आपोआप धरून राहतात. फोटो काढून फोनवर ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की कुठे सगळे गडद एकत्र जमलेत ते लगेच दिसतं. लॉग केबिन आणि इतर वजनदार ब्लॉक एकमेकांपासून लांब आणि चारी कोपऱ्यांत जरा ठसठशीत नमुने. तुळस वरच्या ओळीत, उशीच्या बाजूला. पायाशी नको.

चिंधीवाली

तुळशीचं अगदी पटलं. चादर आजच लावते. सॅशिंगला कोऱ्या रंगाचं सुती घ्यावं असं बहुमत आहे. अजरख आणि निळीचे बरेच तुकडे आहेत, त्यावर ते खुलेल. कापड किती लागेल? आणि मध्ये काय घालू?

इस्त्रीवाली_मावशी

कोरं घेण्याआधी थांबा. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक अजरख आणि निळीच्या तुकड्यावर घासा. फडक्यावर रंग आला तर कोऱ्याचा हट्ट सोडा आणि गडद राखाडी घ्या, कारण शिवलेले ब्लॉक आता वेगळे धुता येत नाहीत. सॅशिंगचं कापड मात्र कापायच्या आधी धुऊन घ्या, सुती आटतं.

चौकटी, सॅशिंग आणि बॉर्डर मिळून ४४ इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर बसतं, तुम्ही चार घ्या. एकाच ताग्यातलं घ्या, परत गेलात की तोच रंग मिळत नाही. जांभळी नाक्याला नाही मिळालं तर सरळ मंगळदास मार्केट.

मध्ये जाड पॉलिएस्टर नको, ठाण्याच्या हवेत काकू ती पायाशी लोटून देतील. पातळ सुती बॅटिंग (मधला भरावाचा थर), नाहीतर धुवून मऊ झालेली मलमलची साडी दुहेरी. अस्तराला घट्ट विणीची चादर वापरू नका, हाताने टाके घालायचे तर सुई जाता जात नाही.

चिंधीवाली

फडकं घासलं. अजरख ठीक आहे, निळीच्या दोन तुकड्यांनी रंग सोडला. म्हणजे राखाडी. शनिवारी जांभळी नाका. रेल फेन्स मी करतेय, नावांचा चौकोन सगळ्याजणी मिळून. चार मीटर आणते आणि चौकटी लागल्या की फोटो टाकते.

गावठीगोधडी

मलमलची साडी घालताय ना आत? मग झाली गोधडी. धावदोरा हातानेच घाला बरं.