मांजर आपल्याशी काय बोलतं? कोल्हापुरातल्या घराघरांतले अनुभव

शनिवार पेठ

पहाटे पावणेपाचला आमची चिमी उशाशी येते आणि ‘म्र्रँ?’ असं विचारते. तोंड मिटलेलं असतं आणि आवाज शेवटी वर जातो. मी दिवा लावला की ती जिन्याच्या दाराशी जाऊन बसते. दार उघडायला उशीर झाला की ‘म्याऽव’. आणि मागच्या बोळातला बोका गच्चीवर आला असेल, तर दाराच्या फटीला नाक लावून पार घशातून ‘ऊंऽऽवऽऽ’.

नऊ वर्षं हे तिन्ही आवाज कानावर पडतायत. पण ते तीन वेगळे शब्द आहेत, हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दीड महिना घरात बसून होते. हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर वेळ, आवाज आणि त्यानंतर चिमीने काय केलं, हे लिहायला लागले. मग या विषयावर वाचत गेले. १९४४ साली मिल्ड्रेड मोल्क या बाईंनी मांजराचे १६ आवाज नोंदवले आणि तोंडाच्या ठेवणीवरून त्यांचे तीन गट केले. एक तोंड मिटून काढलेले, दुसरे तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले, तिसरे तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले. माझ्या वहीतले तीन आवाज त्या तीन खणांत एकेक करून जाऊन बसले, तेव्हा अंगावर काटा आला.

आणखी एक गोष्ट कळली. मोठी मांजरं आपसात जवळजवळ म्याव करतच नाहीत. पिल्लू आईला म्याव करतं आणि मोठं झालं की सोडून देतं. माणसाच्या घरात वाढलेलं मांजर मात्र तो आवाज जन्मभर ठेवतं, आपल्यासाठी. हे वाचल्यापासून चिमीला ‘गप बस’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी जाऊ वरच्या मजल्यावर राहते. तिच्याशी चिमी वेगळंच बोलते. म्हणजे घराघराची बोली वेगळी असणार. तुमच्या घरातली लिहा. आवाज कसा, तेव्हा मांजर काय करत होतं आणि अर्थ कसा उमगला, एवढं तरी नक्की लिहा.

गंगावेस

आमचं घर दूध कट्ट्याच्या मागं. सांजच्याला ताजी धार काढून द्यायला तिथं म्हशी येऊन उभारल्या की आमचा बंड्या बोका घरातनं निघतो आणि एका ठरलेल्या मामांच्या पायाशी जाऊन बसतो. धार चालू असंपर्यंत गप. चरवीत फेस वर आला की मामांच्या तोंडाकडं बघून एकदाच बारीक ‘म्यँ’ करतो. म्हशीकडं बघून न्हाई, शेजारच्या मांजराकडं बघून न्हाई.

मधी मामा गावाला गेल्ते, त्यांचा पोरगा आल्ता. तीन दिवस बंड्या जाऊन बसला, पण त्याच्याकडं बघून आवाज केला न्हाई. चौथ्या दिवशी केला. त्यामुळं ताईंनी वर लिहिलंय ते मला एकदम पटलं. माणूस ओळखीचा झाल्याशिवाय हे बोलत न्हाईत.

एक सांगून ठेवतो. मोठ्या मांजरांतल्या बऱ्याच जणांना दूध पचत न्हाई, हगवण लागते. बंड्यालाबी लागली होती. आता मामा बोटभर फेस देतात, तेवढ्यावर तो खूश.

शुक्रवार पेठ

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी रात्री उंबऱ्याला लागलं आणि पहाटेपर्यंत चुलीच्या कट्ट्याला टेकलं. आम्ही धान्याची पोती, कागदपत्रं आणि माणसं असं सगळं माळ्यावर चढवलं. माळ्यावर आमची राणी आधीच होती, पाच आठवड्यांची तीन पिल्लं घेऊन. लाईट नव्हती. एका मोबाइलच्या उजेडात सात माणसं आणि ती चार मांजरं.

सकाळी खिडकीशी बोट आली. दोन पिल्लं राणीने मानेला धरून आणली, मी ती झाकणाच्या बुट्टीत ठेवली. तिसरं लोखंडी ट्रंकेच्या मागे, भिंतीच्या सांदीत जाऊन बसलं होतं. सासऱ्यांनी ट्रंक हलवली, तर ते अजून आत सरकलं. बोटीतली पोरं म्हणाली, “काकू, चला आता, पाणी वाढालंय.” मी राणीकडे बघितलं. ती सांदीसमोर उभी राहून जीभ टाळूवर फिरवल्यासारखा ‘प्र्रूऽ, प्र्रूऽ’ असा आवाज करत होती. रोज बाहेरून शिकार घेऊन आली की ती हाच आवाज करायची आणि तिन्ही पिल्लं धावत यायची. त्या दिवशी आतून नुसती बारीक किणकिण येत होती. बाहेर दिसणाऱ्या आमच्या हातांना ते भ्यालं होतं.

माझी लेक तेव्हा बारा वर्षांची. “सगळे मागं व्हा, मी बोलवतो,” म्हणाली आणि राणीच्या शेजारी पालथी पडली. गाल फरशीला टेकवून तिने तसाच ‘प्र्रूऽ’ काढला. आतली किणकिण थांबली. दुसऱ्यांदा काढला, तर दोन कान दिसले. तिसऱ्यांदा राणीने आणि तिने जवळजवळ एकदम काढला आणि पिल्लू मान खाली घालून बाहेर आलं. राणीने लगेच धरलं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात बुट्टी बांधली आणि आम्ही कळंब्याला मावशीकडे गेलो.

नंतर वाचलं की हा आवाज मांजर तोंड मिटून काढतं, आई पिल्लांना बोलवायला तोच वापरते आणि पुढे आवडत्या माणसाला भेटतानाही. ते पिल्लू आता मोठं बोकं झालंय. लेक कॉलेजमधून आली की दारातनं ‘प्र्रूऽ’ करते आणि ते कपाटावरून उत्तर देतं.

राजारामपुरी

मी गाणं शिकवते, त्यामुळे माझा कान आधी सुराकडे जातो. आमची पिंगळी खायला मागते तेव्हा तिचं म्याव खालून वर चढतं. दवाखान्याला नेताना रिक्षात, पिशवीतून येणारं म्याव तेच, पण वरच्या सुरावरून मींड घेत खाली घसरतं. मला वाटायचं हे माझ्या कानाचे खेळ. पण स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञ सुसान शॉट्झ यांनी हेच मोजून दाखवलंय. खाण्यासाठीचं म्याव बहुतेक वेळा चढतं, डॉक्टरकडे नेतानाचं उतरतं. आणि ज्यांना मांजरांची सवय असते त्यांना हा फरक जास्त बरोबर ओळखता येतो.

आता गुरगुरीबद्दल. मराठीत आपण रागाच्या आवाजालाही गुरगुर म्हणतो आणि मांडीवर सुखाने निघणाऱ्या आवाजालाही. माझी आजी या दुसऱ्या आवाजाला ‘मांजर पोथी वाचालंय’ म्हणायची. किती नेमकं! फरक इतकाच की पोथी वाचणारा श्वास घ्यायला थांबतो, मांजर थांबत नाही. श्वास आत घेतानाही त्याची पोथी चालू असते, सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनं.

पण भुकेल्या पिंगळीची पोथी वेगळी वाजते. त्या खर्जात एक बारीक, वरचा, टोचणारा सूर मिसळलेला असतो. सकाळी तो ऐकला की मला चहाआधी तिची वाटी भरावीच लागते. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅककोंब आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० मांजरांच्या गुरगुरी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा खायला मागतानाच्या गुरगुरीत हा वरचा सूर सापडला. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी तो जुळतो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनासुद्धा ती गुरगुर जास्त घाईची वाटली. एकदा दोन्ही लागोपाठ ऐका, एकदा पोट भरल्यावरची आणि एकदा भुकेची. फरक कानात राहतो.

उद्यमनगर

आमच्या वर्कशॉपमध्ये एक पांढरी भाटी यायची, दोन्ही डोळे निळे. ओरडणं असं की दोन लेथ चालू असताना ऐकू यावं. कामगार म्हणायचे, हिला मशीनच्या वरताण ओरडायची सवय लागलीय. पण लाईट गेल्यावर, सगळं शांत असतानाही ती तेवढ्याच मोठ्यानं ओरडायची. मागनं पत्रा पडला तरी मान वळवायची नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मतः बहिरेपणा बराच आढळतो. सगळीच बहिरी नसतात, पण ही होती. स्वतःचा आवाज तिला ऐकूच येत नव्हता, मग कमी कसा करणार?

त्या दिवसापासून आम्ही तिला बोलवायला फरशीवर दोनदा पाय आपटतो. ती लगेच वळते. ओरडणंही आता कमी झालंय. आणि गाडी मागे घेताना आधी कुणीतरी उतरून ती कुठे आहे ते बघतं. हा नियमच केलाय.

कसबा बावडा

माझा अनुभव लिहिताना अजून हात थरथरतो, पण ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी वाचावा.

आमचा मोत्या वाळूच्या ट्रेमध्ये परत परत जाऊन बसत होता आणि ओरडत होता. मोठा आवाज नव्हता. कण्हल्यासारखा, लांब, तुटत जाणारा. मला वाटलं बद्धकोष्ठ असेल. ओळखीच्या एकाने भोपळा उकडून द्यायला सांगितला, मी दिला आणि रात्र काढली. सकाळी तो मांडीवर येऊन गुरगुरायला लागला. मला इतकं बरं वाटलं. गुरगुरतोय म्हणजे आराम पडला!

आराम पडला नव्हता. पोटाला हात लावला तर खाली लिंबाएवढा कडक गोळा. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबलीय. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, खडे किंवा चिकट गाळ अडकला की बंद होतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस सलाईन. टेबलावर पडल्या पडल्यासुद्धा तो गुरगुरत होता. मी विचारलं, “डॉक्टर, हा खूश कसा?” ते म्हणाले, “खूश नाही ताई. दुखतानाही मांजरं गुरगुरतात.”

मोत्या वाचला. आता तो ट्रेमध्ये गेला की मी जवळ उभी राहून वाळू ओली झाली का ते बघते. बोका ट्रेमध्ये बसून ओरडत असेल आणि वाळू कोरडी असेल, तर सकाळची वाट बघू नका.

ताराबाई पार्क

भिंतीवर पाल दिसली की आमची सोनी जबडा थरथरवत ‘कट्-कट्-कट्’ करते. खिडकीबाहेर खार आली तरी तेच. हात लागला की दचकते, कारण तेव्हा तिचं लक्ष आपल्यात नसतंच. तो आवाज आपल्यासाठी नाही, एवढं मला कळलंय. मी बाजूला होतो.

शनिवार पेठ

सगळं वाचतेय. मोत्याचं वाचून उठून चिमीची ट्रे बघून आले.

मधल्या काळात मी एक करून पाहिलं. चिमीचे दहा आवाज मोबाइलवर घेतले आणि शेजारच्या चौघींना ऐकवले. कुठला भुकेचा, कुठला दार उघड म्हणायचा, कुठला नुसता हाक मारायचा? चौघींचंही निम्म्याहून जास्त चुकलं. त्यातल्या दोघींकडे स्वतःची मांजरं आहेत. माझ्या जावेने मात्र आठ ओळखले, कारण ती चिमी कधी कुठे उभी असते हे रोज बघते. निकॅस्ट्रो आणि ओव्रेन या अमेरिकेतल्या दोघांनी २००३ मध्ये हेच दाखवलं होतं. अनोळखी मांजराचं नुसतं म्याव ऐकून लोकांना अर्थ फारसा लागत नाही. म्हणून मोबाइलवरची ‘मांजराची भाषा सांगणारी’ ॲप्स मला पटत नाहीत. त्यांना तुमचं दार कुठे आहे ते कुठे ठाऊक असतं?

रुईकर कॉलनी

मुलगा पुण्याला नोकरीला गेला. रविवारी त्याचा फोन आला की मी स्पीकर चालू करते. त्याने ‘गुंडे’ अशी हाक मारली की गुंडीचे दोन्ही कान फोनकडे वळतात. आवाज करत नाही, उठतही नाही. मला वाईट वाटायचं, ही त्याला विसरली का. मग जपानच्या अत्सुको साइतो यांच्या २०१३ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. मांजरांना मालकाचा आवाज ओळखू येतो, पण ती उत्तर बहुतेक कान आणि मान वळवून देतात, ओरडून किंवा उठून नाही. आता मी मुलाला सांगते, “कान वळले बघ.” तो तिकडून म्हणतो, “दोन्ही?” “दोन्ही.”

साने गुरुजी वसाहत

आमच्या घरात आजी आणि चौदा वर्षांची तांबू. दोघींचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. तांबू ‘म्याव’ करायची, आजी ‘व्हय, आलो बाई’ म्हणायची. चार वर्षांपूर्वी आजीला ऐकू येणं कमी झालं. पहिले काही महिने तांबू तिच्यासमोर उभी राहून आवाज वाढवत गेली. घरभर ओरडायची. मग हळूहळू थांबली.

आता ती आजीच्या पाटाशी येते, तोंड पूर्ण उघडते, आवाज काहीच काढत नाही. आजीने बघितलं नाही, तर पुढचा पंजा उचलून नखं आत घेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवते. आजी म्हणते, “व्हय, आलो.” माझ्याशी मात्र ती अजून मोठ्यानेच बोलते.

गेल्या महिन्यात आजीला कानाचं मशीन आणलं. पहिल्या दिवशी तिने ते लावलं आणि म्हणाली, “हिला बोलव.” तांबू आली, तोंड उघडलं, आवाज नाही. आजी वाकून थांबली होती. तांबूने पंजा उचलला आणि गुडघ्यावर ठेवला.