वर्गातलं वयाने सगळ्यात लहान मूल आणि एडीएचडीचं औषध : मदत हवी आहे

भाचा आठ वर्षांचा. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान करून डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट (रिटालिन नावाने मिळणारं औषध) सुचवलंय. बहीण तयार आहे, भाऊजी अडून बसलेत: "हल्ली ऊठसूट पोरांना गोळ्या देतात." 'तू वाचतेस ना सगळं' म्हणून निर्णय आला माझ्या गळ्यात.

वाचलं आणि जास्तच गोंधळले. औषध काही आजचं नाही, रिटालिन १९५० च्या दशकापासून बाजारात आहे. पण अमेरिकेत ४ ते १७ वयोगटात एडीएचडीची औषधं घेणारी मुलं २००७ मध्ये ४.८ टक्के होती, २०११ मध्ये ६.१. त्यात २०१३ साली तिथले निदानाचे निकषही सैलावले: लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत असं होतं, ते बारावं झालं. म्हणजे भाऊजी अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

मी अडकलेय ते वेगळ्याच ठिकाणी. जिथे शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांत हे निदान सप्टेंबरवाल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त, असा २०१८ चा अमेरिकन अभ्यास आहे. आमचं पोर नेमकं वर्गात सगळ्यात लहान! बाईंनी फॉर्मवर 'जागेवर बसत नाही', 'काम अर्धवट सोडतो' यापुढे 'नेहमी'वर खूण केलीय. पण कुणाच्या तुलनेत? घरीही एक मोजा घालतो आणि दुसरा हातात घेऊन तसाच बसून राहतो, हेही खरं.

डॉक्टरांना राग न येता हे कसं विचारू?

प्रतिसाद:
ताई, सरळ विचारा, 'वर्गातलं वय धरलंत का?' चांगले डॉक्टर चिडत नाहीत. आकडे वाढले म्हणून तुमच्या भाच्याचं निदान चुकीचं ठरत नाही, बरोबरही ठरत नाही. त्रास किमान दोन ठिकाणी दिसायला हवा, नुसती शाळा पुरत नाही.

औषध द्यायचं ठरलंच तर आधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब नोंदवून घ्या आणि घरात कुणाला हृदयविकार असेल तर सांगा. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी बघायला सांगितलंय. गोळीने भूक मंदावल्यामुळे आमच्या लेकीचा डबा सुरुवातीला तसाच परत यायचा. मग गोळीआधी पोटभर खायला घालायला लागलो.

घरच्यांनीही तोच फॉर्म भरलाय का? भाऊजींनी वेगळा भरला असेल तर त्यात काय लिहिलंय?