मदत हवी आहे : चेट अ‍ॅटकिन्सचा अंगठा कसा बसवू?

मंडळी, महिनाभर अमेरिकन गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सने वेड लावलंय. 'यांकी डूडल डिक्सी'त एकाच गिटारवर दोन चाली एकदम! अंगावर काटा येतो. अंगठ्याने जाड तारांवर ठेका आणि बोटांनी वरची चाल, ही शैली त्याने रेडिओवर गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसला ऐकून उचलली. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनीवरच वाजवायचा, हे ठाऊक नसल्याने चेटने आणखी दोन बोटं कामाला लावली. केवढं भाग्य आपलं!

माझी अडचण अशी, की अंगठ्याचा ठेका धरला की वरची चाल तुटते. तळहाताची कड ब्रिजवर (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात ती पट्टी) टेकवली तर जाड तारा पार मुक्या होतात, थोडी उचलली तर घुमतात. हात नेमका कुठे ठेवायचा? आणि कानाला सवय व्हायला पन्नासच्या दशकातली रेकॉर्डिंग्ज आधी ऐकू, की गिटारवादक लेस पॉलसोबतचा १९७६चा अल्बम 'चेस्टर अँड लेस्टर'? ज्यांचा हात बसलाय त्यांनी सांगा ना.