व्हिडिओ-संपादनासाठी संगणक: सुटे भाग घेऊन स्वतः जोडावा की तयार घ्यावा?

प्रश्न

माझा सध्याचा डेस्कटॉप आता बदलावाच लागणार आहे. त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. माझे काम मुख्यतः मुलाखती आणि व्याख्याने यांच्या व्हिडिओ-संपादनाचे आहे. चित्रीकरण फोर-के असते, एकेक मुलाखत तास-दीड तासाची असते आणि बहुतेक वेळा दोन कॅमेऱ्यांचे चित्रण टाइमलाइनवर एकाच वेळी चालवावे लागते. त्याच खोलीत निवेदनाचे ध्वनिमुद्रणही होत असल्यामुळे यंत्राचा आवाज कमीत कमी असावा, ही माझी दुसरी गरज. गेम खेळण्याचा प्रश्नच नाही.

जुन्या संगणकात रॅम वाढवणे, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे ही कामे मी स्वतः केली आहेत. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मात्र कधी बसवलेले नाहीत. थोडी बचत होईल की नाही यापेक्षा, घेतलेले यंत्र पुढची सहा-सात वर्षे वाढवत, दुरुस्त करत वापरता येईल का आणि ऐन कामाच्या वेळी ते अडले तर ते लवकर मार्गी लागेल का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध जातात की काय अशी शंका आहे. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आवाज आणि दीर्घकाळ वापर ही दोन्ही कारणे सुटे भाग निवडून संगणक जोडण्याच्या बाजूची आहेत. तयार संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा आणि एसएसडीची क्षमता ठळक छापलेली असते, कारण बहुतेक खरेदीदार तेवढेच पाहतात. उत्पादक हात आखडता घेतो तो जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, म्हणजे एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, कूलर आणि कॅबिनेटमधला हवेचा मार्ग यांत. ‘३२ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते, पण ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत आहे की ३२ ची एकच पट्टी आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. एकच पट्टी असेल तर मेमरीची निम्मीच रुंदी वापरात येते आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालवणाऱ्याला तो फरक चांगलाच जाणवतो.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पंखा जितका मोठा तितकीच हवा कमी फेऱ्यांत ढकलता येते, आणि फेऱ्या कमी झाल्या की आवाज उतरतो. म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन-तीन सावकाश फिरणारे पंखे, पुढच्या बाजूने जाळीदार असलेले कॅबिनेट आणि प्रोसेसरवर उंच, भरपूर पत्र्यांचा कूलर अशी रचना लांबलचक एक्स्पोर्ट (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे) चालू असतानाही शांत राहू शकते. लहान आकाराच्या तयार संगणकांत बऱ्याचदा प्रोसेसरवरचा छोटा पंखा आणि मागचा एक पंखा एवढ्यावरच सारा भार असतो. यंत्र तापले की तो पंखा जोरात फिरू लागतो आणि नेमका तो सूर मायक्रोफोन टिपतो. कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, हे मात्र दोन्हींची मापे जुळवून आधीच पाहावे.

दीर्घकाळ वापराचे म्हणाल, तर मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांची मापे सांगणारे एटीएक्स हे मानक १९९५ पासून चालत आले आहे आणि त्याच आधारावर आजही एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. अनेक तयार संगणकांत मात्र बोर्डाचा आकार, एसएमपीएसची जोडणी, एवढेच काय, पॉवरच्या बटणाची पिनसुद्धा त्या कंपनीची स्वतःची असते. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला, तर बाजारातला चांगल्यातला चांगला एसएमपीएसही तिथे बसत नाही.

सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचाही विचार करावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझेन प्रोसेसर आले आणि त्याच सॉकेटसाठी २०२२ मध्येही नवे प्रोसेसर निघाले. त्यामुळे कित्येकांना बोर्ड न बदलता, केवळ बायोस (बोर्डातली मूळ प्रणाली) अद्ययावत करून, यंत्राला नवी उभारी देता आली. सध्याचा एएम५ २०२२ चा आहे. इंटेलचा एलजीए १७०० हा २०२१ मध्ये आला आणि त्याची जागा २०२४ मध्ये एलजीए १८५१ ने घेतली, तेव्हा इंटेलच्या बाजूने जाताना पुढच्या वाढीची फार आशा न ठेवणे बरे.

प्रतिसाद २

वरच्या तांत्रिक मुद्द्यांशी माझा वाद नाही. पण प्रश्नकर्त्याने ‘ऐन कामाच्या वेळी अडले तर’ असे विचारले आहे आणि त्याचे उत्तर त्यात आलेले नाही. मी काही वर्षे एका छोट्या कार्यालयातील संगणकांची देखभाल पाहिली आहे आणि तिथला माझा अनुभव असा, की भाग जोडणे अवघड नसते, बिघाड कोणत्या भागात आहे हे ठरवणे अवघड असते.

समजा, एक्स्पोर्ट चालू असताना संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कारण एसएमपीएस असू शकेल, रॅमची एखादी पट्टी असू शकेल, कूलर नीट न टेकल्याने प्रोसेसर तापत असेल, बायोसमध्ये रॅमचा वेग बोर्डाला न झेपणारा ठेवला गेला असेल. घोडे नेमके कुठे पेंड खाते हे शोधायचे, तर एकेक भाग बदलून पाहावा लागतो आणि घरी जादा एसएमपीएस, जादा रॅम कोणी बाळगून नसतो. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, तिची मुदत वेगळी, ती देणारा वेगळा. दोष आमच्या भागात नाही, दुसऱ्याच्या भागात आहे, अशी टोलवाटोलवी झाली की काम करणारा माणूस मध्ये अडकतो. तयार संगणकाला एकच बिल, एकच क्रमांक आणि एकच जबाबदार पक्ष असतो. व्यावसायिक वापराच्या मालिकांमध्ये तर तंत्रज्ञ जागेवर येऊन भाग बदलून देण्याची सेवा जादा पैसे भरून तीन किंवा पाच वर्षांपर्यंत घेता येते. ज्याला संपादन वेळेवर करून द्यायचे आहे, त्याच्यासाठी ही सेवा यंत्राचाच एक भाग आहे असे मी मानतो.

दुसरे असे, की सुटे भाग नेहमी स्वस्त पडतात हे गृहीत धरू नये. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात मोठ्या उत्पादकांनी आधीच करार करून ठेवलेला माल त्यांच्या तयार संगणकांत असतो आणि एकटा ग्राहक मात्र त्या दिवसाचा भाव मोजतो. म्हणून दोन्ही बाजूंचे हिशेब खरेदीच्या आठवड्यात नव्याने मांडावेत आणि त्यात विंडोजचे लायसन्सही धरावे. तयार संगणकासोबत येणारे लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेले असते. सुटे घेतलेले रिटेल लायसन्स मात्र पुढच्या यंत्रावर नेता येते.

प्रतिसाद ३

दोघांनीही चांगले लिहिले आहे, पण त्यांच्या आधी विचारायचा प्रश्न राहून गेला आहे: कॅमेरा नेमक्या कोणत्या स्वरूपात चित्रण करतो? टाइमलाइन अडखळते ती बऱ्याचदा प्रोसेसर दुबळा असल्यामुळे नव्हे, तर त्या स्वरूपाची उकल करणारी तयार यंत्रणा चिपमध्ये नसल्यामुळे.

उदाहरण देतो. अलीकडचे अनेक कॅमेरे एच.२६५ या दाबून साठवण्याच्या स्वरूपात १० बिट, ४:२:२ असे रंगनमुने घेऊन चित्रण करतात. हे स्वरूप इंटेलच्या ११ व्या आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक ही व्हिडिओसाठीची खास यंत्रणा थेट उकलते. एनव्हिडियाने ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणली. त्याआधीची महागडी कार्डेही इथे कामाची नाहीत आणि सारा भार प्रोसेसरच्या गाभ्यांवर येतो. त्याउलट, चित्रण ४:२:० (रंगाची माहिती त्याहून कमी ठेवणारे) असेल तर आजचे जवळपास कोणतेही ग्राफिक्स ते सहज चालवते आणि निवडीला कितीतरी मोकळीक मिळते.

इथेच इंटेलच्या नावातील शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावे. ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे क्विक सिंकही नसते. तयार ‘गेमिंग’ संगणकांत स्वतंत्र कार्ड असल्यामुळे उत्पादक बऱ्याचदा असाच प्रोसेसर घालतात. गेम खेळणाऱ्याचे त्यात काहीच बिघडत नाही, पण संपादकाने दिलेले पैसे चुकीच्या जागी जातात. स्वतः जोडण्याचा खरा लाभ मला या निवडीत दिसतो, पैशांच्या बचतीत नाही.

तिसरा मार्गही आहेच. यादी आपण करायची आणि जोडणी विक्रेत्याकडून करून घ्यायची. प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि ‘६५० वॅटचा एसएमपीएस’ एवढ्या मोघम नोंदीवर समाधान मानू नये. एसएमपीएसच्या नावात बदल सुचवला गेला, तर तो नाकारावा. चाचणीत यंत्र बंद पडले तर दोष शोधण्याचे काम विक्रेत्याचे, हेही आधी ठरवावे. प्रतिसाद २ मधील टोलवाटोलवीची काळजी यामुळे पूर्ण मिटत नाही, पण पहिल्या काही महिन्यांपुरती बरीच कमी होते, आणि बहुतेक सदोष भाग आपला दोष याच काळात दाखवतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेऱ्याची माहिती पाहिली: मुख्य कॅमेरा एच.२६५, १० बिट, ४:२:२ आणि दुसरा ४:२:० असे चित्रण करतो. म्हणजे अंगभूत ग्राफिक्स असलेला इंटेल प्रोसेसर आणि सुरुवातीला स्वतंत्र कार्ड नाही, असा विचार पक्का होत आहे. सॉकेट पुढे वाढवता येणार नाही, हे मी मान्य करतो, कारण कार्ड, रॅम आणि एसएसडी तर नंतरही वाढवता येतील. जोडणी मात्र स्वतःच करावी असे मनात आहे, कारण यंत्र आतून माहीत असेल तर बिघाड शोधणेही सोपे जाईल. पहिल्यांदाच करणाऱ्याने विशेष कुठे जपावे?

प्रतिसाद २

आपले कारण मला पटले. तसे असेल तर सध्याचा संगणक लगेच मोडीत काढू नका. अडचणीच्या दिवशी, इंटरनेट न जोडता, प्रॉक्सी म्हणजे हलक्या प्रतींवर संपादन करून वेळ मारून नेण्यापुरता तो नक्की उपयोगी पडेल. चित्रणाची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवण्याचे मी वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद १

सर्वात जपायची जागा म्हणजे सॉकेट. या बोर्डांवर पिना सॉकेटमध्येच असतात आणि त्या केसासारख्या बारीक असतात. प्रोसेसर कडांनी धरून, कोपऱ्यातील त्रिकोणी खूण जुळवून, सरळ खाली ठेवायचा. तो सरकवायचा नाही आणि वरून दाबायचाही नाही. सॉकेटची पकड दांडीने बंद करताना बरीच ताकद लागते आणि करकर असा आवाज येतो, त्याने घाबरून जाऊ नका. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवा. पुढे बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली, तर ते लावूनच द्यावे लागते.

कॅबिनेटमध्ये काही बसवण्यापूर्वी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडावे आणि बायोसची पाटी दिसते का ते पाहावे. दोष असेल तर तो इथेच सापडतो, सगळे स्क्रू उलटे काढत बसावे लागत नाही. कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा आधी काढावा. रॅमच्या दोन पट्ट्या चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, तरी पुस्तिका पाहावी. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना मेमरीची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहतो. यंत्र मेले असे समजून मध्येच वीज तोडू नये. रॅम तिच्या वेष्टनावरच्या वेगाने आपोआप चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (तो वेग लागू करणारी सोय) चालू करावे लागते. मात्र ते पहिल्या दिवशी न करता, मूळ वेगावर सगळे स्थिर चालते याची खात्री झाल्यावर करावे.

केबलींबाबत एक सूचना कधीही विसरू नका: सुट्या होणाऱ्या केबलींचा एसएमपीएस घेतला, तर त्याच्याच खोक्यातल्या केबली वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याच खाचेत अगदी व्यवस्थित बसते, पण एसएमपीएसच्या बाजूची तारांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि वीज चालू करताच एसएसडी किंवा बोर्ड जळू शकतो. प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग हेही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सगळे जोडून झाले की आपलीच एखादी दीड तासाची मुलाखत दोन-तीनदा सलग एक्स्पोर्ट करा, प्रोसेसरचे तापमान नोंदवा आणि त्याच वेळी मायक्रोफोन चालू ठेवून खोलीतील आवाजही मुद्रित करा. ही चाचणी भाग बदलून मिळण्याच्या मुदतीतच करावी, आणि ती मुदत विक्रेत्यागणिक वेगळी असल्यामुळे बिल हातात घेतानाच विचारून ठेवावी.