प्लायवर पॉलिएस्टर नको
ऐरोलीच्या खाडीसाठी प्लायची छोटी होडी बनवताय आणि वरून लेप द्यायला स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन (लावल्यावर घट्ट होणारं पातळ रसायन) घेणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. लाकडावर पॉलिएस्टरची पकड कच्ची. पाणी शिरलं की थर सुटतो. इपॉक्सी (दुसऱ्या प्रकारचं रेझिन) महाग आहे, पण पैसे तिथेच घाला. सोबत विणलेलं ग्लास कापड (काचेच्या धाग्यांचं) घ्या. प्लायवर आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघा, साधा कमर्शियल नको.

आणि काम पावसाळा संपल्यावरच काढा. आपल्या दमट हवेत इपॉक्सीवर बऱ्याचदा मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. नाहीतर इपॉक्सीचा पुढचा हात (थर) धरत नाही. वरून रंग हवाच, उन्हात उघडी इपॉक्सी खराब होते.