गडद निळी सेडान: मागच्या दारावर हायलाइट तुटते, एडिटमध्ये पट्टे पडतात

धूसर:
जाहिरातीसाठी स्टुडिओत सेडान शूट करायची आहे. गाडी साधारण साडेचार मीटर लांब, रंग मेटॅलिक गडद निळा. पांढरा कोव्ह (भिंत वळून फरशीत मिसळते ती पार्श्वभूमी) आहे, ५०० वॉट-सेकंदाचे तीन स्ट्रोब (स्टुडिओ फ्लॅश) आहेत आणि ८ × ४ फुटी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा मोठा कापडी डबा) गाडीच्या बरोबर डोक्यावर टांगलाय. फुल फ्रेम बॉडी, ८५ मिमी, आयएसओ १००, एफ/११, १/१२५. कोन समोरचा थ्री-क्वार्टर (पुढचा भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतात असा तिरका), कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला.

टेस्ट शॉटमध्ये तीन गोष्टी अडल्यात. हँडलच्या वरच्या शोल्डर लाइनवर (बाजूने लांब जाणारी घडी) हायलाइट, म्हणजे चमकता पट्टा, पुढच्या दारापर्यंत मस्त येते, मागच्या दाराच्या मध्यावर अचानक संपते आणि मडगार्डवर नुसता एक ठिपका उरतो. सॉफ्टबॉक्स उंच नेला तर ती आणखी आखूड होते, पॉवर वाढवली तर नुसती जळते. दुसरं, दाराचा खालचा भाग दुधाळ राखाडी दिसतो, निळा वाटतच नाही. तिसरं, तुटलेली हायलाइट फोटोशॉपमध्ये ग्रेडियंटने (हळूहळू बदलणाऱ्या छटेने) पुरी करायला गेलं की पट्टे पडतात आणि तेवढा भाग प्लास्टिकचा वाटतो.

लाइट वाढवावेत की रिटचिंगवर मेहनत घ्यावी?

कोनमापक:
आधी सॉफ्टबॉक्सची जागा बघा. बाकीचं नंतर.

क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर) हा वाकवलेला आरसा आहे. गडद रंगावर तुम्ही गाडी उजळत नाही, गाडीत जे दिसतं ते उजळता. म्हणून मॅट वस्तूंची सवय इथे घात करते. सॉफ्टबॉक्स लांब नेला तरी त्याच्या प्रतिबिंबाची चमक कमी होत नाही, फक्त आकार लहान होतो. तुमची हायलाइट आखूड झाली ती यामुळेच. आणि पॉवर वाढवून प्रतिबिंब लांबत नसतं.

आता ती तिथेच का तुटते? मागच्या दारापासून पत्रा बाहेर फुगतो आणि मडगार्डवर वळतो. समोरच्या थ्री-क्वार्टरमध्ये कॅमेऱ्याची नजर त्या पत्र्यावर आपटून गाडीच्या मागच्या दिशेला, बाहेर आणि वर जाते. तिथे तुमचा बॉक्स नाही, स्टुडिओचं काळं छत आहे. बॉक्स गाडीच्या बरोबर वर ठेवला की बॉनेट आणि टप छान येतात, बाजू मात्र कोरडी राहते. तो कॅमेऱ्याच्या बाजूला दीड-दोन मीटर आणि डिकीच्याही मागे जाईल इतका सरकवायला हवा.

नेमकं किती, ते अंदाजाने ठरवू नका. स्टुडिओत अंधार करा, एकाने लाइव्ह व्ह्यूवर (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) मडगार्ड झूम करून बघावं, दुसऱ्याने लांब काठीला टॉर्च बांधून हवेत फिरवावा. मडगार्डवर जिथे हायलाइट हवी तिथे टॉर्चचा ठिपका दिसला की काठी थांबवा आणि तिच्या खाली जमिनीवर टेप लावा, उंची लिहून ठेवा. पुढचं मडगार्ड, दोन्ही दारं, मागचं मडगार्ड असे पाच-सहा बिंदू घेतले की प्रकाशाचा पृष्ठभाग कुठून कुठपर्यंत लागतो त्याचा नकाशाच मिळतो. साडेचार मीटरच्या गाडीला एका फ्रेममध्ये काम उरकायचं तर साधारण २० × १० फुटांचा फ्लॅट (प्रकाश पसरवणारा सपाट पृष्ठभाग) लागतो. ८ × ४ मध्ये एका फ्रेमला ते होणार नाही.

दाराचा खालचा भाग ही वेगळी भानगड. दारावरच्या घडीच्या खालचा पत्रा किंचित जमिनीकडे बघतो, त्यामुळे त्यात तुमची पांढरी फरशी दिसते. तो दुधाळपणा म्हणजे फरशी. गाडीच्या बाजूने, सिलपासून (दाराखालच्या कडेपासून) दोन मीटर रुंद काळं मखमली कापड अंथरा आणि वेगळी फ्रेम घ्या, ती नंतर मुख्य फोटोत जोडायची. कापड फोटोत दिसेलच, पण या फ्रेममधून फक्त दाराचा खालचा भाग घ्यायचाय. पूर्ण काळं केलं तर दाराची खालची कड जमिनीत विरते, म्हणून सिलला लागून वीतभर फरशी उघडी सोडा, कडेला बारीक उजळ रेघ येते.

पट्टीदिवा:
कोनांबद्दल +१. फक्त २० × १० चा फ्लॅट टांगायचा म्हणजे ट्रस, चेन होइस्ट आणि गाडीवर लोंबकळणारं वजन. स्थिर वस्तूसाठी एवढा खटाटोप मी सुचवणार नाही. चार फुटी एलईडी ट्यूब घ्या आणि प्रकाश रंगवा.

पूर्ण अंधार, आयएसओ १००, एफ/११, शटर ८ ते १० सेकंद. काळे कपडे घातलेला माणूस ट्यूब घेऊन कोनमापकांनी सांगितलेल्या टेपच्या खुणांवरून, शोल्डर लाइनला समांतर चालतो. ट्यूब चालण्याच्या दिशेला आडवी धरली तर पत्र्यावर रुंद पट्टा उमटतो, चालण्याच्याच दिशेत धरली तर बारीक रेघ. बाजूसाठी पहिला प्रकार, टपाच्या कडेसाठी दुसरा. पट्ट्याची एक कड मऊ हवी असेल तर ट्यूबच्या त्या टोकाला ट्रेसिंग पेपर पायऱ्यांनी गुंडाळा: एक थर, पुढे दोन, पुढे तीन.

यात बिघडतं ते चालण्याच्या वेगामुळे. पाऊल अडखळलं की तिथे उजळ गाठ येते. चालणं फ्रेमच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, थांबण्याआधी ट्यूब बंद करा. बाजू, बॉनेट, टप, मागची कड, प्रत्येकासाठी वेगळी फ्रेम आणि प्रत्येकीचे तीन-चार टेक.

हे सगळं जुळायचं तर काहीही हलता कामा नये. ट्रायपॉडला सँडबॅग, फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद, शटर टेदरमधून (केबलने जोडलेल्या संगणकावरून). आणि लोक जे विसरतात ते: गाडीही हलते. दार उघडून कोणी आत बसून उठलं, धूळ पुसताना बॉनेटवर टेकलं, तरी सस्पेन्शन काही मिलिमीटर खालीवर होऊन बसतं. पहिल्या फ्रेमनंतर गाडीला हात नाही. धूळ ब्लोअरने उडवा. कोरडं कापड घासलं की स्थिर वीज तयार होऊन उलट जास्त धूळ चिकटते.

चाकांची सगळी मांडणी आधीच उरका. पुढची चाकं अशी वळवा की रिमचा चेहरा कॅमेऱ्याकडे येईल, कॅपवरचा लोगो सरळ, व्हॉल्व्ह खाली. चाकांची फ्रेम शेवटी घ्या, जमिनीलगत तिरपा ठेवलेला स्ट्रिप सॉफ्टबॉक्स आणि एक स्ट्रोब पुरे.

मास्कवाली:
फ्रेम्स अशा आल्या तर पट्ट्यांचा अर्धा प्रश्न मिटलाच, कारण ग्रेडियंट काढावाच लागणार नाही. तरीही पट्टे का पडतात ते बघू. ८ बिटमध्ये एका चॅनलला (लाल, हिरवा किंवा निळा) २५६ पायऱ्या. तुमच्या गडद दारावर छटा ४० पासून ६० पर्यंत ३००० पिक्सेलमध्ये चढते असं धरा. वीस पायऱ्या, प्रत्येक दीडशे पिक्सेल रुंद. डोळ्याला दिसणारच. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) १६ बिटमध्येच उघडा आणि शेवटपर्यंत तिथेच राहा. ८ बिटमध्ये काम करून शेवटी १६ केल्याने हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. ग्रेडियंट काढावाच लागला तर टूलमधला डिदर (पायऱ्या लपवणारे बारीक ठिपके) चालू ठेवा. अंतिम जेपेग ८ बिटच असणार, म्हणून आकार लहान केल्यावर आणि ८ बिट करण्याआधी गाडीच्या भागावर अर्धा ते एक टक्का मोनोक्रोम नॉइज टाका. तपासणी १००% झूमवर करा, त्याखाली दिसणारे पट्टे बरेचदा स्क्रीनचेच असतात.

जोडणी: सगळ्या रॉ एकाच व्हाइट बॅलन्सवर. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. थर एकत्र करणारा लाइटन मोड प्रत्येक चॅनलची वेगळी तुलना करतो, त्यामुळे दोन फ्रेम्सचा रंग वेगळा असेल तर लाल एका थरातून आणि निळा दुसऱ्यातून उचलला जातो आणि कडेला जांभळट झालर येते. शिवाय लाइटन नेहमी उजळ पिक्सेल घेतो, म्हणून दहा थर नुसते एकमेकांवर ठेवले की सावलीतला नॉइज साचून काळा रंग वर उचलला जातो. प्रत्येक थराला काळा मास्क (थर झाकणारा पडदा) लावा आणि लागतं तेवढंच उघडा.

मास्कसाठी पेन टूल. बॉनेट, प्रत्येक दार, मडगार्ड, बंपर, काचा, चाकं, सगळ्यांचे वेगळे पाथ (कडेने आखलेल्या रेषा) नावं देऊन सेव्ह करा. कंटाळवाणं काम, पण पुढचे सगळे बदल यावर उभे राहतात. पाथ कडेच्या एक पिक्सेल आत. फेदर (मास्कच्या कडेचा मऊपणा) सगळीकडे सारखा ठेवू नका: जवळच्या हेडलाइटला अर्धा पिक्सेल, लांबच्या मागच्या कडेला दीड. सगळीकडे एकसारखी धार दिसली की गाडी कापून चिकटवल्यासारखी वाटते.

प्लास्टिकचा भास येतो तो मेटॅलिक कण आणि पेंटचा बारीक खडबडीतपणा ब्रशखाली पुसला गेल्यामुळे. ब्लर किंवा ग्रेडियंटने भाग गुळगुळीत केला असेल तर मूळ थराची प्रत वर घ्या, दोन ते तीन पिक्सेलचा हाय पास (फक्त बारीक तपशील ठेवणारा फिल्टर) लावा, मोड लिनिअर लाइट, ऑपॅसिटी ३० ते ५० टक्के, फक्त त्याच पॅनलच्या पाथमध्ये. फ्रीक्वेन्सी सेपरेशन (तपशील आणि छटा वेगळ्या थरांत काढणं) दोन पॅनलमधल्या फटीजवळ वापरू नका, फटीचा काळा रंग दोन्ही बाजूंना पाझरतो.

निळ्याबद्दल: कर्व्हने (उजळपणा बदलणारं टूल) उजळ केलात की तो जांभळ्याकडे सरकतो. कर्व्हचा थर ल्युमिनॉसिटी मोडवर (फक्त उजळपणा बदलतो, रंग नाही) ठेवा. रंग मनाने ठरवू नका, शूटच्या वेळी रंगाचा अधिकृत नमुना आणि ग्रे कार्ड एका फ्रेममध्ये घ्या. फाइल दोन जीबीच्या वर गेली की पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) सेव्ह होत नाही, आधीपासूनच पीएसबी (मोठ्या फाइलचा प्रकार) ठेवा.

एक आगाऊ सल्ला. पॅनलमधल्या फटी बारीक करणं, गाडी जमिनीलगत खेचणं, रिम मोठी करणं हे क्लायंट सहज मागतो. धूळ आणि ओरखडे काढणं हे रिटचिंग. हे मात्र दुसरीच गाडी दाखवणं. मी नाही म्हणते.

धूसर:
टॉर्चची युक्ती करून बघितली. मडगार्डचा बिंदू डिकीच्या मागे जवळपास दोन मीटरवर निघाला, म्हणजे बॉक्स तिथे असणं शक्यच नव्हतं. ट्यूब वापरतो. अजून दोन शंका: पुढच्या काचेतलं प्रतिबिंब काढायला पोलरायझर (परावर्तन कापणारा फिल्टर) सगळ्या फ्रेम्सना ठेवू का? आणि डे-टाइम रनिंग लाइट्स (दिवसाही चालू राहणारे पुढचे दिवे) चालू दाखवायचे आहेत.

कोनमापक:
सगळ्या फ्रेम्सना अजिबात नको. पेंटची चकाकी हेही परावर्तनच, पोलरायझर तीही खातो आणि गाडी मॅट दिसते. काचेसाठी एकच वेगळी फ्रेम. काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांच्या कोनाला परिणाम सर्वांत जास्त असतो, त्यापासून दूर गेलं की कमी. क्रोमवर जवळपास काहीच होत नाही. दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो, तो शटर वाढवून भरून काढा, अ‍ॅपर्चरला हात लावू नका. बाजूच्या काचा या फ्रेममधून घेऊ नका: त्या बहुधा टफन्ड (तापवून कडक केलेल्या) असतात आणि पोलरायझरखाली त्यातल्या ताणाचे काळपट ठिपके उमटतात. पुढची लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर) असल्याने बहुधा स्वच्छ येते. फिल्टर काढता-घालताना फोकस रिंग फिरत नाही ना ते बघा.

रनिंग लाइट्सची फ्रेमही वेगळी, बाकी सगळं बंद. एलईडी फार वेगाने लुकलुकतात, त्यामुळे वेगवान शटरला एखादा अर्धवट विझलेला येतो. १/३० किंवा त्याहून मंद ठेवा, आणि आतली नक्षी जळू नये म्हणून एक्स्पोजर दोन-तीन स्टॉपच्या अंतराने चार फ्रेम्समध्ये घ्या. इंजिन बंद असताना दिवे चालू राहिले की बॅटरी उतरते आणि मध्येच प्रकाश मंदावतो. चार्जर आधीपासून जोडून ठेवा, वायर गाडीच्या पलीकडच्या बाजूने काढा. बॉनेट आणि दार उघडण्याची सगळी कामं अर्थात पहिल्या फ्रेमच्या आधी.